बाकं मोजणारा मुलगा

नववीत असताना माझा मुलगा रोज वर्गातली बाकं मोजायचा. हे त्याने मला सांगितलं, पण दीड वर्षाने. मराठीच्या तासाला बाई प्रकट वाचन घ्यायच्या. पहिल्या बाकापासून सुरुवात आणि प्रत्येकाने एकेक परिच्छेद वाचायचा. हा चौथ्या बाकावर. आपल्या वाट्याला कोणता परिच्छेद येतोय ते तो आधीच मोजून ठेवायचा. आपली पाळी येईपर्यंत तो तेवढ्या ओळी मनात लावून बघायचा. लागल्या तर ठीक. नाही लागल्या तर वाचन तिसऱ्या बाकापाशी आलं की हात वर करायचा, "बाई, पाणी पिऊन येऊ?" आठवड्यातून तीनदा तहान लागणाऱ्या या मुलाला वर्गात उंट म्हणायला लागले होते. तोही हसून उंटासारखी मान हलवायचा. सगळ्यांना वाटायचं, काय मजेशीर पोरगा आहे.

घरात आम्ही त्याला दादा म्हणतो. धाकटीने, चिऊने, ते नाव लावलं आणि तेच राहिलं. आम्ही भांडुपला राहतो, मी एका पतपेढीत नोकरीला आहे, त्याचे बाबा कारखान्यात फिटर आहेत. दादाच्या नववी-दहावीची दोन वर्षं आम्ही कशी काढली ते मी लिहायला घेतलंय, कारण तेव्हा असं लिहिलेलं काहीतरी मला वाचायला हवं होतं.

आठवीपर्यंत तो कधी नापास झाला नाही. शिक्षणहक्क कायद्यामुळे तेव्हा आठवीपर्यंत कुणालाच नापास करत नव्हते. त्यात कोरोनामुळे सातवी अख्खी आणि आठवीतली बरीचशी मोबाइलवर गेली. शाळेतून गूगल फॉर्म यायचा. मी प्रश्न मोठ्याने वाचायचे, तो उत्तर सांगायचा, मी भरायचे. वीसपैकी अठरा, एकोणीस. मला वाटायचं, पोरगा हुशार आहे, फक्त आळशी आहे. तेव्हा मी त्याची वाचकही होते आणि लेखनिकही होते, आणि माझ्या ते ध्यानीमनीही नव्हतं.

जून २०२२ मध्ये शाळा नीट भरली आणि नववी सुरू झाली. सहामाहीला विज्ञानात चाळीसपैकी नऊ, इतिहासात सात, इंग्रजीत ऐंशीपैकी तेरा. मी उत्तरपत्रिका बघितल्या. गतीचे नियम त्याला तोंडपाठ होते, उदाहरणांसकट. बसने अचानक ब्रेक मारला की माणूस पुढे का जातो, हे त्याने धाकटीला डब्यात गोटी घालून दाखवलं होतं. पेपरात मात्र दोन ओळी. त्यात जोडाक्षरं फुटलेली, रफार गायब, एक वाक्य मध्येच संपलेलं.

मग मी जे केलं ते कुठलीही काळजीत पडलेली आई करते. मोबाइल काढून घेतला. दुसरा क्लास लावला. चुकलेला प्रत्येक शब्द दहा वेळा लिहायला बसवलं. ती वही अजून माझ्याकडे आहे. एका पानावर ‘विद्यार्थी’ दहा वेळा आहे. वरच्या तीन ओळी बरोबर, कारण वर मी लिहून दिलेला शब्द त्याच्या डोळ्यांसमोर होता. चौथ्या ओळीत रफार गेला. सहाव्यात ‘द्या’चं ‘दया’ झालं. दहाव्या ओळीवर पेन इतकं दाबलंय की मागच्या पानावर उठाव आलाय. त्या वेळी मी ते पान बघून ओरडले होते, "लक्ष कुठे असतं तुझं?" लक्ष त्या पानावरच होतं. सगळं लक्ष तिथेच होतं.

दिवाळीनंतर त्याचं पोट दुखायला लागलं. रविवारी संध्याकाळी सुरू व्हायचं, सोमवारी सकाळी उलटी. सोनोग्राफी केली, काही निघालं नाही. बाथरूममध्ये तो अर्धा अर्धा तास बसायचा. प्रगतिपुस्तकावर बाबांची सही त्याने स्वतःच केली, ती पकडली गेली. बाबांनी पहिल्यांदा त्याच्यावर हात उचलला. मी मध्ये पडले नाही, हे मला लिहायलाच हवं.

डिसेंबरमध्ये शाळेत बोलावलं. मुख्याध्यापक वाईट वागले असं मी म्हणणार नाही, चहा विचारला त्यांनी. पण म्हणाले, "दहावीचा आमचा निकाल शंभर टक्के असतो. याला नववीनंतर सतरा नंबरने बसवा, त्याच्यावरही ताण नको." सतरा नंबर म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून बाहेरून परीक्षा देणं. ज्यांची शाळा सुटली त्यांच्यासाठी ती चांगली सोय आहे, माझ्या ओळखीतल्या एका ताईंनी लग्नानंतर तशीच दहावी केली. पण शाळेत येणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाला निकालाची टक्केवारी टिकावी म्हणून त्या वाटेने बाहेर काढणं मला तेव्हाही मान्य नव्हतं, आजही नाही. दादा माझ्या शेजारी खुर्चीवर बसून ते ऐकत होता. त्याच्यासमोर बोलू नये एवढंही आम्हा मोठ्यांना सुचलं नाही.

त्या रात्री साडेअकराला मी पाणी प्यायला उठले तर हा ओट्यापाशी अंधारात बसलेला. मी जवळ बसले. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आई, मी नसतो तर तुमचं बरं झालं असतं ना? चिऊ हुशार आहे."

माझे हातपाय गार पडले. आमच्या पतपेढीतल्या एका मैत्रिणीने थोड्याच दिवसांपूर्वी टेलिमानसचा नंबर पाठवला होता, १४४१६. केंद्र सरकारची ही मानसिक आरोग्याची सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. तो नंबर मी मोबाइलमध्ये ठेवला होता तो दुसऱ्या कुणाला लागेल म्हणून. बाबांना उठवलं आणि आम्ही तिघं त्या फोनभोवती बसलो. पलीकडच्या बाईंनी आधी माझ्याशी बोलून मग दादाशी बोलायला मागितलं. मी बाहेर गेले. वीस मिनिटं तो बोलत होता. त्याच्या मनात जिवाचं काही बरंवाईट करायचं आहे का, हे त्यांनी त्याला सरळ विचारलं. मला वाटायचं असं विचारलं की मुलाच्या डोक्यात नसलेलं शिरतं. तसं होत नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून मुलगा मोकळा होतो, हे त्यांनी मला नंतर समजावलं. त्या रात्री तो माझ्या शेजारी झोपला आणि पुढचे काही दिवस आम्ही त्याला एकटं सोडलं नाही.

फोन ठेवण्याआधी त्यांनी मला एक प्रश्न विचारला होता. "त्याला समजायला जड जातं की वाचायला-लिहायला?" मी ‘अभ्यास जड जातो’ एवढंच म्हणत आले होते. या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात हे तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं.

दुसऱ्या दिवशी मी मराठीच्या बाईंना गाठलं. त्या ऐकून घेत होत्या आणि एकदम म्हणाल्या, "म्हणून पाणी!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी सांगितलं की याला अध्ययन अक्षमता म्हणतात. वाचनाची अडचण असेल तर डिस्लेक्सिया, लिहिण्याची असेल तर डिसग्राफिया, आकड्यांची असेल तर डिस्कॅल्क्युलिया. बुद्धीचा आणि त्याचा संबंध नसतो. मुंबईत सायन, केईएम, नायर अशा महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळतं. शाळेचं पत्र लागतं. ते पत्र मिळवायला बाईंनीच मुख्याध्यापकांकडे तीन खेपा घातल्या. मला आमच्या नशिबाचं बळ वाटतं की त्या होत्या. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा असं सांगितलं. आमच्या वेळी असं कुणी शाळेत असतं तर हे सगळं एका बाईंच्या चांगुलपणावर अवलंबून राहिलं नसतं.

घरात मात्र वेगळंच सुरू झालं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत ही अडचण येते, हे कळल्यावर बाबा बिथरले. "माझ्या धडधाकट पोराच्या नावावर दिव्यांग असा शिक्का नको. उद्या नोकरी, परवा लग्न." चार दिवस आमच्यात अबोला होता. मी त्यांना काही पटवू शकले नाही. दादाच म्हणाला, "बाबा, सध्या माझ्यावर ढ असा शिक्का आहे. तो चालतो का तुम्हाला?"

तपासणीला जानेवारीपासून जुलैपर्यंत वेळ लागला. ज्यांना जायचंय त्यांनी हे धरूनच चालावं, आणि म्हणून नववीच्या सुरुवातीला, खरं तर त्याच्याही आधी जावं. आधी डोळे आणि कान तपासतात, कारण दिसायला किंवा ऐकायला कमी असेल तर दोष तिथला असू शकतो. मग बुद्ध्यांक चाचणी. मग शैक्षणिक चाचणी, म्हणजे वाचन, शुद्धलेखन, आकलन, गणित यांत मूल कोणत्या इयत्तेच्या पातळीवर आहे ते बघणं. ती मूल ज्या माध्यमात शिकतं त्या भाषेत व्हायला हवी. ताण, नैराश्य असं काही आहे का हे मानसोपचारतज्ज्ञ बघतात. जुन्या वह्या, उत्तरपत्रिका, पहिलीपासूनची प्रगतिपुस्तकं न्यावी लागतात. मी कागदाचा कपटा फेकत नाही म्हणून घरात बोलणी खाल्ली आहेत, ते कागद त्या दिवशी कामाला आले. आमच्या पाच खेपा झाल्या. एकदा एक फॉर्म राहिला म्हणून सहा आठवडे पुढची तारीख मिळाली. पाच वेळा अर्धा दिवस रजा. तिथल्या बाकड्यावर माझ्यासारख्या कितीतरी आया बसलेल्या असायच्या, मांडीवर वह्यांच्या पिशव्या घेऊन. आम्ही एकमेकींच्या मुलांच्या वह्या बघायचो. सगळ्या वह्यांत तीच तुटलेली अक्षरं. त्या बाकड्यावर मला जितका धीर आला तितका कुठेच आला नाही.

शैक्षणिक चाचणी घेणाऱ्या मॅडमनी दादाला एक उतारा वाचायला दिला. मी काचेबाहेर होते. तो अडखळायला लागला आणि सवयीने त्याने हात वर केला. बहुतेक पाणी मागितलं असावं. मॅडमनी बाटली पुढे केली आणि म्हणाल्या (हे त्याने नंतर सांगितलं), "पी. घाई नाही. इथे चुकायलाच बोलावलंय तुला." तो हसला, त्याचं ते हसणं मला काचेतून दिसलं. महिनोन्महिन्यांत पहिल्यांदा.

अहवाल आला. बुद्ध्यांक सरासरीपेक्षा थोडा वर. वाचन चौथीच्या पातळीचं, लेखन तिसरीच्या. इयत्तेपेक्षा निदान दोन वर्षं मागे असणं ही त्यांची मोजपट्टी. हा कितीतरी मागे होता आणि तरी नववीपर्यंत आला होता. मॅडम म्हणाल्या, "याने किती कष्ट घेतले असतील विचार करा. बाकीची मुलं जो धडा वाचतात तो हा दरवेळी फोडून काढतो." रोज सात तास एवढे कष्ट करायचे आणि शिवाय ते कुणाला दिसू द्यायचे नाहीत. पोटदुखी कुठून येत होती ते मला त्या खुर्चीत बसून कळलं.

संध्याकाळी बाबा घरी आले तेव्हा मी अहवाल त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो बराच वेळ धरून ठेवला. मग परत माझ्याकडे दिला. "तू वाच." मी वाचून दाखवला. वाचन करताना ओळ सुटणं, सारखी दिसणारी अक्षरं उलटसुलट होणं, नवा शब्द अंदाजाने वाचणं. मी खाली बघून वाचत होते. वर बघितलं तर ते भिंतीकडे तोंड करून बसलेले. "मलापण असंच होतं," म्हणाले. सोळा वर्षांच्या संसारात विजेच्या बिलापासून सोसायटीच्या नोटिशीपर्यंत सगळं "तू वाच" म्हणून माझ्याकडे यायचं. चष्मा नाही, वेळ नाही, कारणं असायची. आठवीत त्यांनी शाळा सोडली ती परिस्थितीमुळे असंच त्यांनी सासूबाईंनाही सांगितलं होतं. ही अडचण घराण्यात चालत येऊ शकते असं मॅडम म्हणाल्या होत्या, पण मी माझ्या माहेरचे चेहरे आठवत बसले होते. त्या रात्री बाप-लेक गॅलरीत किती वेळ बोलत होते मला माहीत नाही. मी आत भांडी घासत राहिले, मुद्दाम सावकाश.

प्रमाणपत्र मिळालं म्हणजे सगळं झालं नाही. शाळेमार्फत बोर्डाच्या विभागीय मंडळाकडे प्रस्ताव जातो, त्याला मुदत असते. आम्ही तीन सवलती मागितल्या: जादा वेळ, लेखनिक आणि शुद्धलेखनाच्या चुकांचे गुण न कापणं. जादा वेळ तासाला वीस मिनिटं. भाषेचा तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो, विज्ञान किंवा गणिताचा दोन तासांचा पेपर दोन तास चाळीस मिनिटांचा. काही विषयांना पर्यायही मिळतो, पण गणित सोडायला दादा तयार नव्हता, ते त्याला येत होतं.

लेखनिक खालच्या इयत्तेतला लागतो. आमच्याच बिल्डिंगमधली नववीतली एक मुलगी हसत तयार झाली. आम्हाला वाटलं, झालं काम. पहिल्या सरावाला दोघं रडकुंडीला आले. हा भराभर बोलायचा, ती मागे पडायची, ती "काय?" म्हणाली की हा विसरायचा. डोक्यातलं उत्तर दुसऱ्याच्या हातून कागदावर उतरवणं ही वेगळी विद्या आहे. अशा मुलांना शिकवणाऱ्या विशेष शिक्षिकांनी त्यांना शिकवलं. आधी मुद्दे बोटांवर मोजायचे. मग एक वाक्य पूर्ण बोलायचं. तिचं पेन थांबलं की पुढचं. "नवीन ओळ", "अधोरेखित कर" हेही बोलायचं. आकृत्या आणि गणितातली मांडणी शक्य तिथे त्याने स्वतः करायची. दसऱ्यापासून फेब्रुवारीपर्यंत दर शनिवारी संध्याकाळी आमच्या बाहेरच्या खोलीत परीक्षा असायची. धाकटी घंटा वाजवायची.

अभ्यासासाठी मी धडे माझ्या आवाजात मोबाइलवर भरले. सकाळी पावणेसहाला, स्वयंपाक करता करता. विज्ञानाचे दोन्ही भाग, इतिहास, भूगोल, कुमारभारती. मागे फोडणी, कुकर, दूधवाल्याची बेल सगळं ऐकू येतं. तो ते शाळेत जाताना, झोपताना ऐकायचा. आता कुणी म्हणेल छापील मजकूर वाचून दाखवणारी ॲप आहेत. आहेत, ती जरूर वापरावीत, आम्हीही इंग्रजीसाठी वापरली. पण मराठीसाठी त्याला माझाच आवाज हवा असायचा आणि मला ते सकाळचं काम आवडायला लागलं होतं.

वाचन सुधारलं का? थोडं. आठवड्यातून दोन दिवस विशेष शिक्षिकांकडे जाऊन शब्द तोडून वाचायला शिकला, ओळीखाली पट्टी धरायला शिकला. चमत्कार झाला नाही. बदललं ते दुसरंच. तो लपवायचा थांबला. आधी दोन मित्रांना सांगितलं. त्यातला एक म्हणे बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मग तू आळशी नव्हतासच?" वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुलं एकमेकांचे मार्क टाकायची, तो ग्रुप त्याने सोडला. मराठीच्या बाईंनी प्रकट वाचनाची पद्धत बदलली. ज्याला वाचायचंय त्याने हात वर करायचा. हा हात वर करायचा नाही, पण पाणी प्यायलाही जायचा नाही. पोट दुखायचं हळूहळू थांबलं. मधूनमधून वाईट दिवस यायचे, समुपदेशन त्या वर्षभर सुरूच ठेवलं होतं.

१ मार्च २०२४, मराठीचा पेपर. लेखनिकाच्या मुलांना वेगळी खोली होती. सगळी मुलं बाहेर आली, गेटवर गर्दी उसळली आणि पांगली. मग रस्ता रिकामा झाला. मी आणि त्या मुलीची आई, आम्ही दोघी उन्हात उभ्या. तासाभराने ती दोघं आली. मुलीची बोटं शाईने निळी, दादाचा घसा बसलेला. तिच्या आईने आधी दादाला लिंबूसरबत दिलं.

२७ मे ला निकाल लागला. राज्याचा ९५.८१ टक्के. आमच्याकडे गेले दीड वर्ष भीती होती ती त्या उरलेल्या चार टक्क्यांची. दादाला ५९ टक्के. विज्ञानात सगळ्यात जास्त, इंग्रजीत काठावर. पेढे वाटले. मुख्याध्यापकांनाही नेऊन दिले, त्यांनी मनापासून घेतले. यंदाच्या नववीतल्या एका मुलीला त्यांनी स्वतःहून तपासणीला पाठवलंय असं बाईंकडून कळलं.

आता तो आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी करून घ्यायची आहे, तेव्हाचं प्रमाणपत्र कायमचं असतं. बाबा त्यासाठी आधीच रजा टाकायच्या गोष्टी करतात.

गेल्या महिन्यात एक फॉर्म भरायला मी त्याच्याबरोबर गेले होते. खिडकीसमोर वीस-पंचवीस मुलं रांगेत. हा भिंतीला कागद टेकवून भरत होता. मी जरा लांब उभी होते. एकदम त्याने मान वर केली आणि तिथूनच, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने विचारलं, "आई, विद्युतमधला द्यु कसा गं काढतात?"

मी सांगायच्या आत त्याच्या मागच्या मुलाने पेन घेतलं आणि त्याच्या तळहातावर काढून दाखवला.